रसवंतीवरचा बर्फ

सोलापूर,
ता. ९ मे २०२४

चि. धुळास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू काल इथून निघालास आणि तुझ्या बायकोनं दिवसभर माझं डोकं खाल्लं, कारण तुझ्याबरोबर भाकरी बांधून द्यायची राहिली. नवऱ्याच्या भाकरीची एवढी काळजी करणारी केराबाई स्वतःचे पाय मात्र दोन वर्षं कुणाला दाखवत नाही, याला काय म्हणायचं ते तूच सांग. तुला फोन केला होता. तू तीनदा बरं म्हणालास आणि ठेवू का म्हणालास. तुझ्यापेक्षा मागं ओरडणाऱ्या मेंढरांचं मला जास्त कळलं. म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलं आहे. तुझं अक्षर चांगलं आहे, तेव्हा तूही लिही.

तू दवाखान्याबाहेर कडुलिंबाखाली बसला होतास, म्हणून आत काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी केराच्या नडग्यांवरचे लाल-जांभळे ठिपके एकेक बोट लावून पाहिले. थंडीत हाताची बोटं पांढरी पडतात का, असं विचारलं. ती हो म्हणाली. पायांना मुंग्या येतात का विचारल्यावर तिनं आजवर लपवलेलं सांगून टाकलं. माघात तिच्या टाचेत सराटा मोडला होता. तशीच ती दिवसभर मेंढरांमागं फिरली. संध्याकाळी चपलेत रक्त दिसलं तेव्हा काटा सापडला. दुखलंच नाही म्हणाली. तुला हे ठाऊक होतं का?

मग तुमच्या बिरुदेवच्या वेळचं बाळंतपण निघालं. तेव्हा तिला रक्ताची बाटली चढवली होती ना? डॉक्टर म्हणतात की हिच्या यकृतात हिपॅटायटिस सी नावाचा जुना विषाणू निघाला आहे, तो बहुतेक त्याच रक्तातून आला. त्या काळी रक्त या रोगासाठी तपासतच नव्हते, त्यामुळे दोष कुणाचाच नाही. इतकी वर्षं तो गप्प बसून होता. आपण जो वात समजून गोळ्या देत होतो तो वात नसावा, असं त्यांना वाटतं. रक्तात आरए फॅक्टर निघाला म्हणून मंगळवेढ्यात वात ठरवला होता, पण तो या यकृताच्या रोगातही निघतो म्हणे. प्लेटलेट कमी आहेत त्याही यानंच.

तू जी रक्ताची नळी शहराच्या दुसऱ्या टोकाला लॅबमध्ये पोचवलीस, तिच्यावर आता सगळं आहे. त्यात डॉक्टरांना हवं ते सापडलं, तर ठिपके, सांधे, मुंग्या सगळ्याचं मूळ एकच. मग तीन महिने यकृताच्या गोळ्या घ्यायच्या, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रिपोर्टला आठवडा लागेल. केरानं डॉक्टरांना एकच विचारलं, मेंढरांमागं परत कधी जाता येईल.

तुझे दाजी बरे आहेत, एमआयडीसीत लूमच्या खडखडाटात बसून आता घरातही ओरडूनच बोलतात. माझी कारखान्यातली टॉवेल-घडी चालू आहे. मायेत खंड नसावा आणि उत्तराला उशीर नसावा.

तुझी,
विजयमाला अक्का

———

ता. १३ मे २०२४

ती. अक्कास,
धुळाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझं अक्षर वाचायला येडूला बोलवावं लागेल असं वाटलं होतं, पण निभावलं. येडू शेजारधर्म चांगला पाळतो. मी सोलापुरात होतो तेवढे दिवस त्यानं आपली मेंढरं नीट राखली.

सराट्याचं मला ठाऊक नव्हतं. ती पाय धूत बसली होती तेव्हा मी विचारलं होतं. चिखल लागला म्हणाली. आता आठवतं की त्या दिवसांत चिखल कुठला. मला त्या बाईचा राग आला आणि माझाही आला.

इकडचं सांगायचं तर पावसाच्या आधीची लस टोचून झाली. दरसालाप्रमाणे तालुक्याला जाऊन थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणली. गुरांचे डॉक्टर सगळ्यांना सांगतात, लस कशी आणावी ते धुळाकडून शिका. उन्हात लस गरम झाली की तिचं पाणी होतं आणि मग टोचून उपयोग नाही. आजवर माझ्या हातून एक बाटली वाया गेलेली नाही. केराचं ते काळं कोकरू माझ्या हातून दूध पीत नाही. तिचं जुनेर लुगडं अंगावर घेतलं तेव्हा फसलं आणि प्यालं. माझ्या भाकरीचा आकार कसा असतो ते तिला कळवू नये.

रिपोर्ट आला की लगेच लिही. आशीर्वाद असू दे, रागवायचं तर तेवढंच जवळचं समजून रागव.

तुझा,
धुळा

———

सोलापूर,
ता. १८ मे २०२४

चि. धुळास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. रिपोर्ट आला. त्यात काही सापडलं नाही.

डॉक्टरांनाही ते पटेना. नळी नीट पोचली होती ना, वाटेत काही झालं नाही ना, असं विचारत होते. मी छातीठोकपणे सांगितलं की माझ्या भावानं नेली आहे, त्याच्या हातून काही बिघडायचं नाही. मग ते म्हणाले की असं असेल तर दोन वेगळे रोग धरून चालावं लागेल. यकृताच्या गोळ्या चालू करता येतील, पण पाय आणि सांध्यांसाठी दुसरं जड औषध लागेल. ते अंगातली ताकद दाबून टाकतं आणि वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. प्लेटलेट आधीच कमी, त्यामुळे तेही सांभाळूनच. रानात फिरणं, काटे लागणं, जखमा होणं हे सगळं बंद.

केरा घरी आल्यावर माझ्याबरोबर टॉवेलच्या कडा दुमडत बसली आणि मध्येच म्हणाली, "वन्सं, त्यास्नी सांगा मेंढरं इका. एकट्या माणसाच्यानं हुयाचं न्हाय ते." तिचे डोळे कोरडे होते. ते बघून मीच रडले. जड औषधाचं ठरवायला डॉक्टर परवाच बोलावत होते. मी चार दिवस मागून घेतले, का ते मलाही सांगता येणार नाही.

तू मन घट्ट कर. आम्ही आहोत, हे विसरू नकोस.

तुझी,
अक्का

———

ता. २१ मे २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन वेळा जेवण गेलं नाही. तरी सगळं दैवावर आहे असं मनाला समजावलं. सांगोल्याचा व्यापारी येऊन बघून गेला. रविवारच्या बाजाराला मेंढरं न्यायची ठरली आहेत. काळं कोकरू तेवढं ठेवतो. केराला आत्ताच सांगू नको.

एक मात्र डॉक्टरांना जरूर सांग. नळी वाटेत बिघडली असेल हा संशय त्यांनी मनातून काढून टाकावा. उलट मी होतो म्हणून ती वाचली. नर्सबाईंनी थर्मास हातात दिला आणि उघडू नका म्हणाल्या. पण आपली वस्तू आहे, नजर टाकायला काय जातं म्हणून रिक्षात झाकण उघडलं, तर आत चक्क गरम पाणी आणि त्यात केराच्या रक्ताची नळी. मे महिन्याचं ऊन आणि त्यात गरम पाणी. रिक्षा एका रसवंतीपाशी थांबवली, ते पाणी ओतून दिलं आणि बर्फ मागितला. तो म्हणाला, नुसता बर्फ देत नाही, रस घ्या. म्हणून रसही प्यालो. थर्मास बर्फानं गच्च भरला आणि नळी मधोमध उभी केली. लॅबच्या दारात पाणी झटकलं, नळी धोतरानं कोरडी पुसली आणि हातात दिली. बोटांना गार लागत होती इतकी चांगली राहिली होती.

नर्सबाईंची चूक कुणाला सांगितली नाही. बिचारीची नोकरी. तूही बोलू नको.

लहानाचा नमस्कार मोठ्या मनानं घे.

तुझा,
धुळा

———

सोलापूर,
ता. २४ मे २०२४

चि. धुळ्यास,
आशीर्वाद आहेत, पण ते पत्राच्या शेवटी देईन.

काल फोनवर मी मेंढरं विकू नको म्हणून ओरडले आणि तू नेहमीप्रमाणे बरं म्हणालास. शेजारची गुरम्मा धावत आली, आमच्या घरी भांडण लागलं म्हणून. आता कारण सांगते. बसून वाच.

अरे शहाण्या, ते पाणी गरमच असायला हवं होतं. डॉक्टर पहिल्याच दिवशी केराला समजावून सांगत होते. तिचा धंदा विचारला आणि मग म्हणाले की आपल्या रक्तात राखणीची कुत्री असतात. लांडगा वर्षानुवर्षं वाड्याभोवती फिरत राहिला, तर ती भुंकून भुंकून पिसाळतात आणि आपल्याच मेंढरांना चावायला लागतात. केराच्या अंगात तेच झालं असावं. विषाणू जात नाही, म्हणून रक्त त्याच्याविरुद्ध काहीबाही तयार करत राहतं. ते एकमेकांना चिकटतं आणि थंडी लागली की तुपासारखं थिजतं. पायाच्या बारीक नसांत ते अडकतं. ठिपके त्याचेच, मुंग्याही त्याच्याच.

आता तो तपास असा, की रक्त अंगाइतकं उबदार ठेवून लॅबमध्ये न्यायचं. तिथं त्यातली लाल गाठ बाजूला काढायची आणि वरची निवळी मग थंड जागी ठेवून ती थिजते का बघायची. तू ते वाटेतच थिजवलंस. जे शोधायचं होतं ते गाठीबरोबर खाली बसलं, लॅबनं गाठ टाकून दिली आणि रिकाम्या निवळीत आठवडाभर बघत बसले. तुझं पत्र मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. रसवंतीवाल्यानं रस घ्यायला लावला तिथपर्यंत आल्यावर ते चष्मा काढून हसायला लागले. मग म्हणाले की जड औषधाचं नाव इतक्यात काढायचं नाही, तपास पुन्हा करायचा. या वेळी सापडेलच असं ते सांगत नाहीत, पण मला तर त्यांच्या चेहऱ्यावरून आशा वाटली.

ही गोष्ट मी आधी तुला सांगायला हवी होती, पत्रात लिहायचं आळसानं राहिलं. पण नर्सबाईंनी उघडू नका म्हटल्यावर तू उघडलंस कशाला, हे मी जन्मभर विचारणार आहे. मेंढरं घरी ठेव आणि सोमवारी इकडं ये. आशीर्वाद.

तुझी,
अक्का

सोबत केराची चिठ्ठी आहे. तिनं स्वतःच्या हातानं लिहिली, मी फक्त शाई पुरवली.

बिरुदेवच्या बापास,
केराचा नमस्कार. तोंड पाडून बसू नका. तुम्ही लसीसारखं जपलं, आणखी काय करायचं होतं. डॉक्टर म्हणाले या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवू. मी म्हटलं, रक्त माझं हाय, मी सांगते, माझं मालकच नेतील. तवा या. येताना घोंगडं आणा. काळ्याला फडक्यानं दूध पाजा.
केरा

———

सोलापूर,
ता. ८ जून २०२४

चि. धुळास,
अक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

सापडलं! असं म्हणून कधी कुणी आनंदानं उडी मारली असेल का? आम्ही मारली. निवळीच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता, तो उबेत ठेवल्यावर विरघळून गेला. डॉक्टर म्हणाले, सगळ्याचं मूळ एकच. जड औषध सध्या नको, यकृताच्या गोळ्याच द्यायच्या. त्या आजपासून चालू झाल्या. केरानं पेढे वाटले. गुरम्मानं कशाचे विचारलं, तर ही म्हणाली रक्तात घाण निघाली त्याचे. ती बिचारी पेढा हातात धरून उभीच राहिली.

तू नळी पोचवून तसाच एसटीनं गेलास, पण तुझे दाजी घरी येऊन सगळं सांगत होते. भर उकाड्यात थर्मास घोंगड्यात गुंडाळलास, वर सदऱ्याच्या आत पोटाशी घेतलास आणि मोटारसायकलवर मागं बसलास. सिग्नलला माणसं बघत होती. दाजींना पानाच्या टपरीवर क्षणभर थांबायचं होतं, तर तू त्यांना थांबू दिलं नाहीस. ती रसवंती आली तेव्हा तोंड फिरवून घेतलंस म्हणे. लॅबमधल्या मुलीनं पाणी मोजून पाहिलं, अगदी अंगाइतकं उबदार होतं. ती तुला म्हणाली, काका, आता घाम पुसा. दाजी एवढे हसत होते, आणि मग हसू आवरून मला म्हणाले, तुझ्या भावानं त्या थर्मासला नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखं धरलं होतं.

केराला आणखी थोडे दिवस इथं ठेवते. मग औषध घेऊन येईल. गोळी एकही चुकवायची नाही, हे तुझ्यावर सोपवते. फक्त गोळ्या बर्फात ठेवू नकोस.

तुझी,
अक्का

———

ता. १५ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
धुळाचा शि. सा. न. वि. वि.

गोळ्या संपल्या, एकही चुकली नाही. रोज भाकरीच्या आधी मी समोर बसत होतो, ती चिडत होती. ठिपके विरळ झाले आहेत. सांधेही कमी दुखतात. तालुक्याला रक्त तपासलं, प्लेटलेट चढल्या आहेत. पायाच्या मुंग्या मात्र आहेत तशाच. त्याला वेळ लागतो आणि सगळं येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. अजून ती टाच टेकताना जमीन कळत नाही म्हणते. मी तिला बांधापर्यंतच जाऊ देतो, पुढं मीच जातो. ती बांधावर बसून मेंढरांना नावानं हाका मारत राहते.

विषाणू गेला की नाही ते डिसेंबरात तपासायचं आहे. मनात धाकधूक आहे. पाण्याच्या पिंपात टाकायला कुणी बर्फ मागितला तरी आता गावातली माणसं माझ्याकडं बघून हसतात, कारण येडूनं सगळीकडं सांगितलं. हसू देत.

तुझा लोभ सोडून बाकी सगळं इथं मिळतं.

तुझा,
धुळा

———

ता. ६ जानेवारी २०२५

ती. वन्संना,
केराचा सा. न. वि. वि.

हे पत्र मीच लिहीत आहे. तुमच्याकडे राहून सवय लागली. चुका असतील त्या तुम्ही मनातच सुधारा. यांनी मदत करतो म्हटलं होतं, पण आज मला यांच्याविषयीच लिहायचं आहे म्हणून लांब बसवलं आहे.

डिसेंबरातला रिपोर्ट तुम्हाला फोनवर कळलाच आहे. विषाणू सापडला नाही. या वेळी सापडला नाही म्हटल्यावर मी आधी यांच्याकडेच बघितलं. तर हात जोडून म्हणाले की आपण थर्मासला हातही लावलेला नाही. सोलापुरातल्या दवाखान्यातच रक्त काढून तिथंच तपासलं होतं, तेव्हा खरं मानलं. डॉक्टर म्हणाले, गेला तो, पण वर्षातून एकदा दाखवायला या. नडग्यांवर नुसते तपकिरी डाग उरले आहेत. थंडीत बोटं अजून थोडी पांढरी होतात, तेव्हा घोंगड्यात हात घालून बसते.

काळं कोकरू आता चांगलं मोठं झालं आहे आणि कुणाचंही ऐकत नाही. मंगळवेढ्याची नवी ज्वारी आली की पाठवते. दाजींना म्हणावं, मोटारसायकलवर बसून या, कुणी थर्मास धरून मागं बसणार नाही.

आता मुख्य सांगते. परवा मी पहिल्यांदा ओढ्यापलीकडं मेंढरं घेऊन गेले. हे मागं मागं येतच होते. ओढ्याच्या चढाला माझ्या डाव्या टाचेत सराटा मोडला आणि मी अशी ओरडले की मेंढरं पांगली. हे काठी टाकून धावत आले. साप डसला असं त्यांना वाटलं. मी खाली बसले होते. मी म्हटलं, "आवो, दुखतंय. लई दुखतंय." त्यांनी टाच मांडीवर घेतली. काटा दिसला तरी काढेनात. कुठं दुखतंय, नेमकं कुठं, असं दोन-चार वेळा विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. मग काढला आणि तळहातावर घेऊन बसून राहिले. मी म्हटलं, टाका की आता तो. तर टाकेनात. वन्सं, तुमचा भाऊ चढावर बसून लहान पोरासारखा रडला. मग मीही रडले. मेंढरं येडूच्या रानात गेली ते आम्हाला कळलं नाही, त्यावरून तो भांडायला आला, आणि आमच्याकडं बघून तसाच परत गेला.

थोरांना नमस्कार, तुमची माया मला नेहमी लागली आहे, ती पुढंही लागेल.

तुमची,
केरा

ता. क. तो सराटा यांनी जपून ठेवला होता. तुम्हाला दाखवायचा म्हणून याच पाकिटात घातला आहे. उघडताना टोचला असेल तर माफ करा.